पाणी जोखणं

पाणी न देणं ही माझी नोकरी.
हेज गावात, कॅन्ससच्या पश्चिमेला,
जिथे वारा आधी येतो आणि रस्ता मागून,
काचघराच्या तिसऱ्या खोलीत
रोज सकाळी साडेसहाला मी कुंड्यांचं वजन करते.
एकशे चव्वेचाळीस.
रात्रीतून जितकं उडून गेलं
त्याच्या निम्म्याहून कमी परत द्यायचं,
पिचकारीने, मिलिलिटर मोजून.
आपल्याकडे माणसाचं पाणी जोखतात.
मी तेच करते, फक्त माझा तराजू खरा आहे.

डाव्या बाकावर गहू: नाव असलेला,
कागदपत्रं असलेला.
उजवीकडे त्याचे रानटी सोयरे.
एकाच्या पाकिटावर सत्तर वर्षांपूर्वी
कुणी पेन्सिलीने लिहून ठेवलंय:
कब्रस्तानाची भिंत. खडी. गुरांनी चरलेलं. नमुना अपुरा.
एवढाच वंशवृक्ष.

नवव्या दिवशीही गहू आशेवर असतो,
पानं उघडी टाकून,
आत्ता कुणी येईल म्हणून.
रानटी मात्र चौथ्याच दिवशी
पानांची सुरळी करून, दारं लावून बसलेलं.
ज्याला कधी कुणी वाढलं नाही
त्याला ताट पालथं घालायला वेळ लागत नाही.
मुळं तेवढी खाली चालू असतात,
कुंडीच्या तळाशी भोक शोधत.

एप्रिलात आम्ही सोयरीक जुळवतो.
गव्हाच्या फुलातून चिमट्याने तीन-तीन परागकोश काढायचे,
रानटीचा पराग झटकायचा,
ओंबीला कागदी पिशवी, पिशवीवर तारीख.
दाणा भरतच नाही. दोन्ही घरांचं पटत नाही.
म्हणून बाराव्या दिवशी कोवळा दाणा चिरून
गर्भ बाहेर काढते, काचेच्या नळीत जेलीवर ठेवते.
बाराव्या दिवशी!
घरी कुणी बारसंच म्हटलं असतं.
इथे पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत
(असत्या तरी गव्हाच्याच).
नाव ठेवलं: ४०७-बी.

व्हर्नन पेनर शेतावरून येतो,
उजव्या बाकाकडे बघून टोपी मागे सारतो.
"हे मारायला मी दर वर्षी फवारे मारतो,
आणि तुम्ही याला पंख्याखाली वाढवता?"
मी सांगते, तुमच्या रानातलं ते वेगळं,
हे त्याचं चुलत भावंड.
"चुलतच वाईट," तो म्हणतो,
आणि पाच मिनिटं एका कुंपणाविषयी बोलत राहतो.
म्हणजे भाऊबंदकीला इथेही बांध आहेत.

मेमधल्या एका मंगळवारी
एकतीस नंबरची कुंडी तीनशे ग्रॅमने जड.
तराजू शून्यावर आणला. पुन्हा ठेवली.
जडच.
रात्री फरशी पुसणारा एलिजिओ
काही न लपवता म्हणाला: तहानलेली दिसली.
सगळ्याच दिसतात,
पण ही दाराजवळ होती.

मी काय बोलायला हवं होतं ते नियमावलीत आहे.
वहीत लिहिलं: ३१, वगळली.
कारणाचा रकाना बराच वेळ कोरा राहिला,
मग त्यात लिहिलं: पाणी.

नियमाने ती जाळायला हवी होती.
ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आली,
भांडी विसळल्यावर उरेल ते पाणी पीत,
वजनाशिवाय.

जूनच्या शेवटी एका पहाटे
फरशीवर काहीतरी टिचलं. थोड्या वेळाने पुन्हा.
ओंबी एकेक पेर सुटून खाली उतरत होती,
कुणाच्या हाताची वाट न बघता.
बाहेर पेनरचा गहू पिकून उभा,
वाळला तरी दाणे घट्ट धरून,
कापणीचं यंत्र येईपर्यंत
स्वतःहून सांडता न येणारा.

केरसुणी घेतली होती. ठेवून दिली.
गुडघ्यावर बसून वेचले, शेगडीखालचेसुद्धा,
पाकीट केलं, पेन्सिल शोधली.
हेज. खिडकी.
दाराजवळची होती.